फुकटच्या सरपणाचा हिशेब

मे महिना संपत आला, की पाटणच्या कुठल्या ना कुठल्या आळीत सकाळी मशीनच्या करवतीचा आवाज सुरू होतो. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या, कौलांवर कललेला गुलमोहर, आतून पोखरलेले एखादे जुने झाड, अशी सगळी कामे पावसाच्या तोंडावरच निघतात. झाड आडवे होते न होते तोच घराघरांतून कोयते आणि कुऱ्हाडी बाहेर पडतात. कोणी फांदी ओढतो, कोणी तिच्यावर पाय देऊन उभा राहतो. म्हणजे ती त्याची झाली. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याचे काम तर फारच सोपे. दोन तासांनी तिथे भुसा, पाला आणि एक ओलसर खुंट एवढेच उरते. सरपण फुकट मिळाले म्हणून सगळे खूश.

पंधरा दिवसांनी त्याच आळीतून सकाळी सहाच्या सुमारास चालून पाहावे. पाऊस लागलेला असतो. न्हाणीन्हाणीतून पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघत असतो आणि कुंद हवेमुळे वर न जाता तो आळीतच रेंगाळतो. आमच्या शेजारच्या आजींना मी एकदा म्हटले, "आजी, यंदा सरपणाची चंगळ आहे." फुंकणी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "लाकाड फुकाट मिळालं गुर्जी, पर डोळं आमचंच जात्यात न्हवं?"

मला जे म्हणायचे आहे त्यातले बरेचसे आजींच्या या वाक्यात आले. गावात पडलेल्या झाडाचे लाकूड हे आपल्याला मिळू शकणारे सर्वांत चांगले सरपण आहे. त्यासाठी रानाला हात लावावा लागत नाही, डोंगर चढावा लागत नाही, डोक्यावर मोळी घेऊन घसरड्या वाटेने उतरावे लागत नाही. आणि हेच सरपण आपण नको त्या वेळी तोडतो, नको त्या रीतीने वाटतो आणि ओलेच्या ओले जाळतो. विद्यार्थी मित्रहो, यातली शेवटची चूक सुधारायला थोडे शास्त्र पुरेसे आहे. पहिल्या दोन चुकांसाठी मात्र मोठ्या माणसांशी बोलावे लागेल, प्रसंगी भांडावेही लागेल.

"आता चूल राहिली आहे कुठे? घरोघरी गॅस आला," असे काही वाचक म्हणतील. गॅस आला हे खरे. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून डोंगरावरच्या वाड्यांतही शेगड्या पोहोचल्या. पण पाटण तालुक्यातल्या कोणत्याही घराच्या मागल्या दारी जाऊन पाहा. चहा आणि भाजी गॅसवर होते. आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण आणि बऱ्याच घरी भाकरीही अजून लाकडावर होते. कारण उघड आहे. पाच-सहा माणसांच्या आंघोळीचे पाणी रोज गॅसवर तापवायचे तर सिलिंडर महिनाभरही पुरायचा नाही. तेव्हा चूल गेली असे समजून तिच्याविषयी बोलणे थांबवणे म्हणजे तिच्यापुढे बसणाऱ्या बाईला विसरणे होय.

आता ओल्या लाकडाकडे वळू. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मे पाणी असते. जातीप्रमाणे थोडे कमी-अधिक, पण निम्मे धरले तर फारसे चुकत नाही. म्हणजे ट्रॉलीभर ओले सरपण घरी आणणारा माणूस अर्धी ट्रॉली पाणीच वाहून नेत असतो. हे पाणी चुलीत गेल्यावर काय करते?

पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. आपल्या एक किलो ओल्या लाकडात कोरडे लाकूड अर्धाच किलो, म्हणून उष्णता २,२५० किलोकॅलरी. उरलेले अर्धा किलो पाणी आधी शंभर अंशांपर्यंत तापणार आणि मग त्याची वाफ होणार. यासाठी सुमारे ३०० किलोकॅलरी खर्च होतात. पंधरा लिटरची एक बादली वीस अंशांनी तापवायला एवढीच उष्णता लागते. म्हणजे प्रत्येक किलो ओल्या लाकडामागे एक बादली ऊन पाणी आपण वाफेच्या रूपाने उडवून देतो.

पण थांबा. ३०० हा आकडा २,२५० च्या मानाने किती? जेमतेम सातवा हिस्सा. ओल्या लाकडाचे नुकसान एवढेच असते तर आजींनी सातवा हिस्सा लाकूड जास्त घातले असते आणि काम भागले असते. प्रत्यक्षात दुप्पट लाकूड जाळूनही पाणी कोमटच राहते, हा अनुभव प्रत्येक घरात आहे. मग उरलेली उष्णता जाते कुठे? पुष्कळ पुस्तके "पाण्याची वाफ होण्यात उष्णता वाया जाते" एवढे सांगून थांबतात. मला ते उत्तर अर्धवट वाटते.

एक मेणबत्ती पेटवा, दोन मिनिटे जळू द्या आणि फुंकर घालून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. पेटलेली काडी वातीला न लावता, दोन-तीन सेंटिमीटर वर, त्या धुरात धरा. ज्योत धुरातून खाली उडी घेते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. धूर हे जळणच होते! लाकडाचेही तसेच आहे. लाकूड तापले की त्यातून निरनिराळे वायू आणि वाफा बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग असा उडून जातो. मागे राहतो तो कोळसा. चुलीतली पिवळी ज्योत म्हणजे हे वायू जळत असतात. म्हणूनच ज्योत लाकडाला चिकटून न दिसता किंचित वर नाचताना दिसते. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, कठीण काचेच्या परीक्षानळीत लाकडाचा भुसा तापवून नळीच्या बारीक तोंडाशी हा वायू पेटवून दाखवता येतो. विनाशक ऊर्ध्वपातन या भारदस्त नावाने तो प्रयोग जुन्या पुस्तकांत असे.

हे वायू नीट पेटायला मात्र सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागते. लाकूड ओले असेल तर आतून सतत वाफ येत राहते, चुलीचे पोट थंड राहते आणि वायू न जळताच बाहेर पडतात. आपण जळणाचा मोठा हिस्सा न जाळताच धुराच्या रूपाने न्हाणीत सोडतो. वाफेने खाल्लेली उष्णता हा लहान तोटा. मोठा तोटा तो धूर. आणि तो नुसता तोटा असता तरी चालले असते. त्याच धुरात अतिसूक्ष्म कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, डोळ्यांची आग करणारी द्रव्ये असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांची जी मर्यादा सुचवली, ती दिवसाच्या सरासरीने दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम आहे. चुलीच्या धुराने कोंदलेल्या खोलीत हे प्रमाण कित्येक शेकड्यांत सहज जाते. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी उपकरणे लावून मोजमाप केले आणि १९८३ मध्ये ते प्रसिद्ध केले. शहरांतल्या धुराची चर्चा करणाऱ्या जगाला त्यामुळे प्रथमच स्वयंपाकघरातल्या धुराकडे पाहावे लागले. मोजायला शास्त्रज्ञ यावा लागला. पण काजळलेली भिंत आणि खोकणारी आई शतकानुशतके तिथेच होती.

तेव्हा लाकूड वाळवणे हे काटकसरीचे काम नसून आरोग्याचे काम आहे. ते कसे वाळते हे पाहिले तर आपण कुठे चुकतो ते लक्षात येईल.

जिवंत झाडात पाणी बुंध्याकडून शेंड्याकडे बारीक नळ्यांतून चढते. झाड तोडल्यावरही पाण्याला तीच वाट सोपी असते. कापलेल्या टोकांतून ते जितक्या वेगाने बाहेर पडते त्याच्या मानाने बाजूंनी दहा-पंधरा पट हळू पडते. आणि साल शाबूत असेल तर बाजूंनी जवळजवळ पडतच नाही. म्हणून सहा फुटी ओंडका परड्यात दोन वर्षे लोळत ठेवला तरी आत ओलाच राहतो, वर त्याला वाळवी लागते. तोच ओंडका फूटभर लांबीचे तुकडे करून, पाचर ठोकून चिरला, तर एका हिवाळ्या-उन्हाळ्यात खडखडीत वाळतो. वखारीत मिळणारा बंबफोड बारीक का असतो, याचे निम्मे उत्तर बंबाच्या तोंडात आहे आणि निम्मे यात.

वाळण्याचेही दोन टप्पे आहेत. पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी आधी जाते. ते जाताना लाकूड हलके होते, पण आकसत नाही. मग पेशींच्या भिंतीत मुरलेले पाणी निघू लागते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत पाणी उतरले की हा दुसरा टप्पा सुरू होतो, लाकूड आकसते आणि टोकांना चिरा पडतात. टोकावर मध्यापासून कडेकडे गेलेल्या चिरा दिसल्या की समजावे, लाकूड वाळण्याच्या वाटेला लागले. जुनी माणसे दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहतात; ओल्याचा आवाज बद येतो, वाळलेल्याचा ठणठणीत. हा शास्त्रशुद्ध कसोटीचाच प्रकार आहे, फक्त त्याला कोणी नाव दिलेले नाही.

किती वाळेल हे मात्र हवेवर ठरते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकडातले पाणी दहा टक्क्यांच्या आसपास येते. पावसाळ्यात तेच लाकूड छपराखाली ठेवूनही हवेतला ओलावा शोषून अठरा-वीस टक्क्यांवर जाते. आपला तालुका तर याबाबतीत कुप्रसिद्धच. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर तिथून पाऊणशे किलोमीटरसुद्धा दूर नसलेल्या कराडला सातशे-आठशे. पाटण मधोमध. अशा ठिकाणी जूनमध्ये आणलेले ओले लाकूड दिवाळीपर्यंत वाळणार नाही, हे सांगायला पंचांग नको.

इथे मी माझा पहिला आक्षेप नोंदवतो. तारांना लागणाऱ्या आणि घरांवर आलेल्या फांद्या मेअखेरीस का तोडायच्या? त्या काही मेमध्ये एका रात्रीत वाढत नाहीत. हेच काम कार्तिक-मार्गशीर्षात केले तर लाकडाला पुढचे पाच-सहा महिने कोरडी हवा मिळेल आणि मेमध्ये प्रत्येक घरात वाळलेल्या सरपणाची बेगमी असेल. शिवाय वैशाखात कावळ्याची घरटी बांधून होत असतात. अनेक पक्ष्यांचा विणीचा हंगाम तेव्हा सुरू होतो. मेमध्ये फांदी तोडली की तिच्याबरोबर घरटेही येते. पाऊस तोंडावर आला असताना धोकादायक ठरलेली एखादी फांदी अर्थात तोडावीच लागेल, त्याबद्दल वाद नाही. पण सरसकट सगळे काम शेवटच्या पंधरवड्यात करणे ही सवय आहे, गरज नव्हे.

मेमध्येच तोडलेले लाकूड पदरात पडले तर काय करावे? बोटाएवढ्या काटक्या आणि मनगटाएवढ्या फांद्यांचे बारीक तुकडे पंधरा दिवसांच्या कडक उन्हात बरेच वाळतात. ते या पावसाळ्यात वापरावेत. जाड लाकूड मात्र चिरून, दगडांवर आडवी लाकडे टाकून, जमिनीपासून वीतभर उंच रचावे. वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवू नये. आतली वाफ आतच राहते आणि लाकडाला बुरशी येते. आणि मग, सर्वांत अवघड भाग, त्याला वर्षभर हात लावू नये.

कोणते लाकूड चांगले, यावर चुलीपुढे तावातावाने वाद होतात. बाभळीला सगळे मान देतात. सावर, पांगारा, शेवगा यांना कोणी विचारत नाही. यात तथ्य आहे, पण निराळे. कोरडे झाल्यावर किलोमागे उष्णता सगळ्या जातींच्या लाकडांची जवळजवळ सारखीच असते. फरक आहे तो घनतेत. बाभळीच्या एका मोळीत जेवढे लाकूड असते तेवढे पांगाऱ्याच्या दोन मोळ्यांतही भरणार नाही. तेव्हा सरपण मोळीने वाटले तर भांडण होणार, वजनाने वाटले तर होणार नाही. अट एवढीच, की सगळे सारखेच ओले किंवा सारखेच कोरडे असावे. हलके लाकूड चटकन पेटते आणि चटकन संपते, म्हणून ते चूल पेटवायला वापरावे. काही लाकडे मात्र चुलीत घालूच नयेत. कण्हेर विषारी आहे आणि तिचा धूरही बाधतो. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. त्याच्या लाकडाच्या धुरानेही तोच त्रास होतो. रंग दिलेली फळी आणि प्लायवूडचे तुकडे यांचेही तसेच. रस्त्याकडेच्या झाडांबाबत आणखी एक गोष्ट: क्लासच्या, लग्नकार्यालयांच्या आणि निवडणुकांच्या पाट्या ठोकून ठोकून त्यांच्या बुंध्यात खिळ्यांचा खजिना झालेला असतो. झाड वाढताना खिळा आत गिळते, बाहेरून काहीच दिसत नाही. कुऱ्हाड त्यावर बसली की ठिणगी उडते आणि धार जाते. कधी पाते निसटून पायावर येते.

आता वाटपाकडे. कराडहून पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला, रुंदीकरण आले आणि दुतर्फाची कितीतरी जुनी झाडे गेली. त्यांतली काही ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात हलली असतील आणि तरी उभी राहिली असतील. अशा कामात बुंध्यांची मोजदाद होते, ते विकले जातात आणि ट्रकमधून जातात. फांद्यांना हिशेबात जागा नसते. ज्याच्यात जोर असेल, ज्याच्याकडे वाहन असेल, तो त्या नेतो. जिच्याकडे दोन हात आणि एक कोयती आहे ती बाई पोहोचेपर्यंत पाला उरलेला असतो. मग ती पूर्वीप्रमाणे रानात जाते. वीस-पंचवीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन उतरते. गावात टनावारी सरपण पडलेले असताना तिने डोंगर चढावा, यात मला मोठा अन्याय दिसतो.

आणि ती ज्या रानात जाते ते कोणते? कोयना अभयारण्य १९८५ मध्ये झाले. ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांतून वठलेली, मेलेली किंवा वाऱ्याने पडलेली झाडेसुद्धा काढू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये दिला. गावकऱ्यांना हा नियम जुलमाचा वाटतो. "मेलेले झाड नेले तर वाघाचे काय जाते?" असा प्रश्न मला वर्गातही विचारला गेला आहे. प्रश्न रास्त आहे. वठलेल्या फांदीत सुतार पक्षी आणि तांबट पोखरून घरटे करतात. त्यांनी सोडलेल्या ढोलीत पुढे दुसरे पक्षी राहतात. पडलेल्या ओंडक्यात भुंग्यांच्या अळ्या, वाळवी, बुरशी आणि कवके राहतात, आणि काही वर्षांनी तो ओंडका माती होऊन त्याच उतारावर पसरतो. रानात मेलेले झाड कामावरच असते. गावातल्या आळीत आडव्या झालेल्या गुलमोहराला मात्र यातले काही करू दिले जात नाही. तो दुसऱ्या दिवशी वाटेतून हलवावाच लागतो. म्हणून माझे मत असे, की रानातले पडलेले झाड रानाला ठेवावे आणि गावातले पडलेले झाड गावाच्या चुलींना द्यावे. दुसरे केल्याशिवाय पहिले मागण्याचा आपल्याला हक्क नाही. बाईला रानाच्या सीमेवर अडवायचे आणि गावातल्या फांद्या ट्रॅक्टरवाल्याला न्यायला द्यायच्या, याला मी निसर्गरक्षण म्हणणार नाही.

हे द्यायचे कसे? नगरपंचायतीने किंवा ग्रामपंचायतीने झाड तोडण्याच्या दोन दिवस आधी फळ्यावर लिहावे. फांद्या जागेवरच हातभर लांबीच्या करून घ्याव्यात आणि आळीतल्या एका ताणकाट्यावर तोलून वाटाव्यात. ज्या घरातून अजून रानात जावे लागते त्या घराला आधी. पाला कोणी पेटवू नये, तो खड्ड्यात जावा. शाळेतल्या हरित सेनेच्या मुलांनी वजने लिहिण्याचे काम करावे. मशीन चालू असताना मात्र मुलांनी तिथे फिरकू नये, आणि तारांजवळच्या फांद्यांना तर मोठ्यांनीही हात लावू नये. यात काही फार अवघड आहे असे मला वाटत नाही. तरी ते होत नाही, कारण फुकटच्या वस्तूचा हिशेब ठेवणे आपल्याला कमीपणाचे वाटते.

या सूचनेत एक धोका आहे, तो लपवणे बरे नव्हे. लाकूड नीट वाटले जाऊ लागले, की उभ्या झाडाकडेही लोक सरपण म्हणून पाहू लागतील. "अमक्याच्या दारातला जांभूळ तोडू या, आळीला वर्षभर पुरेल," असे बोलणे सुरू होईल. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या जतनासाठी १९७५ चा कायदा आहे आणि गावांसाठी १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. पण कायद्याबरोबर एक साधा दंडकही हवा: झाड तोडायचे की नाही हे ठरवताना लाकडाचा विषयच निघू नये. ज्याला लाकूड मिळणार आहे त्याने तोडण्याचा अर्ज करू नये. लाकूड जाळल्याने हवेत नवा कार्बन जात नाही, असे अलीकडे ऐकू येते. त्याचीही हीच गत. झाडाने हवेतून घेतलेला कार्बनच परत जातो हे खरे. पण साठ वर्षांत साठवलेला कार्बन आपण दोन हिवाळ्यांत सोडतो आणि त्या जागी लावलेल्या रोपाला तो परत गोळा करायला पुन्हा साठ वर्षे लागतात. तेही रोप जगले तर. शाळेसमोर गेल्या काही वर्षांत लावलेल्या रोपांपैकी किती जगली, हे मोजण्याचे काम मी मुद्दाम तुमच्यावर सोपवतो.

पण त्याआधी एक सोपा प्रयोग करा. तुमच्या आळीत झाड पडेल तेव्हा त्याच्या एकाच फांदीचे, जवळपास सारख्या जाडीचे तीन तुकडे घ्या. पहिला हातभर लांब, सालीसकट. दुसरा वीतभर, सालीसकट. तिसरा वीतभर, पण उभा चिरलेला. वाण्याच्या काट्यावर तिन्हींचे वजन करा आणि त्यावर खडूने नव्हे, खिळ्याने खुणा करा. पावसाचे थेंब पोहोचणार नाहीत अशा हवेशीर पडवीत ते ठेवा. दर रविवारी वजन करून वहीत लिहा आणि आठवडे आडव्या अक्षावर, वजन उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. तिन्ही रेघा एकाच कागदावर. चिरलेला तुकडा सुरुवातीला एक किलो असेल, तर पुढच्या मेपर्यंत तो सहाशे ग्रॅमच्या आत यायला हवा. पावसाळ्यात रेघ सपाट होईल, कदाचित थोडी वरही जाईल. ती खाडाखोड करून "दुरुस्त" करू नका, ती चूक नाही. कोयनानगर, पाटण आणि कराड अशा तीन ठिकाणच्या शाळांनी एकाच आठवड्यात सुरुवात केली तर तीन आलेख शेजारी ठेवून पाहता येतील. झाडाचे नाव, तोडल्याची तारीख आणि ठेवण्याची जागा यांची नोंद करून ते संपादकांकडे जरूर पाठवा.